टेस्ट ठेवा, मार्क काढून टाका

मा. संपादक,
स.न.

परवाच्या पुरवणीत दहावीच्या मुलांसाठी अभ्यासाच्या टिप्स आल्यात, धडा चार-पाच वेळा वाचा, महत्त्वाच्या ओळींवर मार्कर फिरवा, झोपताना परत एकदा नजर घाला वगैरे, आणि त्याच पानावर खाली भला मोठा लेख की मुलांवरचा चाचण्यांचा मारा थांबवा. मी आठवी ते दहावीची सायन्सची शिकवणी घेते, त्यामुळे दोन्ही वाचून गप्प बसवेना.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतले हेन्री रोडिगर म्हणून सायकॉलॉजिस्ट, सगळं करिअर मेमरीवर. 2006 मध्ये त्यांनी आणि त्यांचा तेव्हाचा विद्यार्थी जेफ्री कार्पिकी यांनी कॉलेजच्या मुलांना एकेक छोटा उतारा दिला, कुणाला सूर्यावरचा तर कुणाला समुद्री पाणमांजरावरचा. अभ्यासाच्या फेऱ्या चार. एका गटाने चारही फेऱ्यांत नुसतं वाचायचं, त्यांचा उतारा सरासरी 14 वेळा वाचून झाला. दुसऱ्याने पहिल्या फेरीतच काय ते वाचलं, साधारण साडेतीन वेळा, आणि पुढच्या तीन फेऱ्यांत उतारा बंद, कोरा कागद, आठवेल ते लिहा. बरोबर का चूक तेही कुणी सांगायचं नाही. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, 83 टक्के, लिहिणारे 71. आठवड्याने विचारलं तर वाचणारे थेट 40 वर आणि लिहिणारे 61 वर!

आता यात खरी गोम त्या पाच मिनिटांत आहे. रात्री धडा चारदा वाचला की सगळं येतंय असं वाटतं, आणि तेव्हा ते येतही असतं, म्हणून पोरगं आईला छातीठोकपणे सांगतं झालाय माझा अभ्यास. ते खोटं बोलत नाही हो. 2008 मध्ये याच दोघांनी 40 स्वाहिली शब्द अर्थासकट पाठ करायला दिले. शब्द एकदा बरोबर आल्यावरही ज्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहिले त्यांना आठवड्याने 80 टक्के आठवले, ज्यांना विचारणं थांबवलं त्यांना 35 च्या आसपास, मग त्यांनी पुढे वाचन चालू ठेवलेलं असो वा नसो. आणि तुला किती आठवतील असं आधी विचारलं तेव्हा सगळ्या गटांचा अंदाज सारखाच, निम्मे! म्हणजे कुठल्या पद्धतीने डोक्यात राहतंय हे शिकणाऱ्यालाच कळत नाही.

हे काही रोडिगरनीच पहिल्यांदा शोधलं असं नाही. 1939 मध्येच अमेरिकेतल्या आयोवात सहावीच्या 3605 मुलांवर असा प्रयोग झालेला, पण पुढे कितीतरी वर्षं शाळांनी त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. रोडिगर आणि त्यांच्या टीमने तो विषय परत वर काढला, लॅबमधून उचलून इलिनॉयमधल्या एका सरकारी शाळेच्या वर्गात नेला, आणि मग त्यावर रिसर्चची रांग लागली. 2013 मध्ये डनलॉस्की नावाचे सायकॉलॉजिस्ट आणि इतरांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यात स्वतःची टेस्ट घेणं आणि थोडं थोडं अंतर ठेवून अभ्यास करणं या दोनच पहिल्या दर्जाच्या ठरल्या, आणि मार्कर फिरवणं नि परत परत वाचणं खालच्या दर्जाचं. म्हणजे आपल्या टिप्समध्ये नेमकं तेच छापलंय.

चाचण्या थांबवा म्हणणाऱ्या तुमच्या त्या लेखकांचं म्हणणं मला अर्धं पटतं. घटक चाचणीचे मार्क व्हॉट्सॲप ग्रुपवर, त्यावरून शेजारच्या मुलाशी तुलना, याने पोरं पिचतात हे रोज बघते. पण दोष मार्कांचा आणि शिक्षा टेस्टला, हे कुठलं गणित? माझ्याकडे तास सुरू होताना पाच प्रश्न असतात, वह्या बंद, प्रत्येकाने आपल्या कागदावर लिहायचं, मी तपासत नाही, उत्तरं फळ्यावर येतात, कागद ज्याचा त्याच्याकडे. पहिले काही दिवस कुरकूर होते, विशेषतः हुशार मुलांची, कारण मार्कच नाहीत तर मग लिहायचं कशाला. पालकांचाही सूर असतो की बाई शिकवायचं सोडून नुसतं विचारतातच.

एक विनंती. आपण दहावीचे सराव प्रश्न छापता त्यात प्रश्नाखालीच ठळक टायपात उत्तर असतं, मुलं ते गोष्टीसारखं वाचून पान उलटतात. आज फक्त प्रश्न द्या आणि उत्तरं दुसऱ्या दिवशीच्या अंकात. जागा तेवढीच लागेल.

आपली एक वाचक,
सांगली