आईची कॅप्सूल आणि बाबांची पुडी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, काल फोनवर तुमचा हिशेब ऐकला. आईची कॅल्सिट्रायॉलची कॅप्सूल ०.२५ मायक्रोग्रॅमची, आणि विश्रामबागेतून आणलेली व्हिटॅमिन डीची पुडी ६०,००० युनिटची. तुमच्या मते, म्हणजे डॉक्टर हात आखडून औषध देतायत, तेव्हा आठवड्याला एक पुडी आपणच जोडीला देऊ! आकडे बरोबर आहेत, पण ते एका मापाचे नाहीत.

पुडीतलं डी कच्चं असतं. आधी लिव्हर त्यावर काम करतं, मग किडनी. तेव्हा कुठे ते आतड्यातून कॅल्शियम ओढून घेतं. किडनीला कामाला लावतो तो पॅराथायरॉईडचा हार्मोन. त्याच्या तांदळाएवढ्या चार ग्रंथी थायरॉईडला चिकटून असतात, आणि थायरॉईडच्या ऑपरेशनात आईच्या त्या ग्रंथींनाच धक्का लागला. आता तुम्ही तिला हळदीसारखं रोज गच्चीवर वाळत घातलंत तरी त्या उन्हाचा पुरेसा उपयोग व्हायचा नाही. म्हणून तिला कॅप्सूलमधून तयार डी, म्हणजे कॅल्सिट्रायॉल, दिलंय. ते अगदी थोडं लागतं, आणि जास्त झालं तर बंद केल्यावर काही दिवसांत उतरतं. पुडीतलं मात्र चरबीत साठून राहतं, महिनोन् महिने. डॉक्टर कधी दोन्ही देतातही, पण रक्त तपासून.

रिपोर्टमध्ये कॅल्शियमच्या ८.४ शेजारी खाली बाण दिसला म्हणून घाबरलात ना? या आजारात कॅल्शियम मुद्दामच खालच्या काठाला ठेवतात. तो हार्मोन नसला की कॅल्शियम लघवीवाटे जास्त जातं. वर न्यायला गेलं की मुतखडे होतात, किडनी बिघडते.

आई, तू काही सांगत नाहीस, म्हणून तुझ्यासाठी वेगळं लिहिते. ओठांभोवती मुंग्या, पोटऱ्यांत गोळे आले तर कॅल्शियम कमी पडतंय. बीपीचा पट्टा फुगवल्यावर तुझी बोटं चोचीसारखी जुळून आली होती, तेही त्यानेच. उलट सारखी तहान, सारखी लघवी, मळमळ, पोट साफ न होणं, दिवसा गुंगी, हे जास्त झाल्याचं. ‘उन्हाळाच आहे’ म्हणून अंगावर काढू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर.

थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घे, कॅल्शियमची चार तासांनी जेवणाबरोबर. सगळ्या एकदम चहाबरोबर नकोत. बीपीची गोळी कुणी बदलली तर कॅल्शियमचं आधी सांगायचं; लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी ते चढतं.

बाबा, या आठवड्यात तिचं रक्त देऊन या: कॅल्शियम, फॉस्फरस, क्रिएटिनिन. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, फोटो मला पाठवा. पुड्या फोडल्या नसतील तर मेडिकलवाल्याला परत करून टाका. भडंग पोचलं, अर्धं संपलंही.

तुमची लेक,
पुणे