अक्कांच्या वायफायबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

काल फोनवर अक्कांना आपलं वायफाय द्यायचा विषय निघाला आणि बाबा, तुम्ही "पाण्याला कधी नाही म्हटलं नाही, मग नेटला कसं म्हणू?" असं म्हणून फोन सरळ आईच्या हातात दिलात. म्हणून लिहितेय. पत्र तरी शेवटपर्यंत वाचाल.

शेजारच्या अक्कांना नेट देऊ नका, असं मी म्हणतच नाहीये. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येतं, त्यात त्यांची मोटर बंद पडली की आपला पाइप भिंतीवरून त्यांच्या टाकीत जातो आणि आपली पडली की त्यांचा इकडे. अशा घराला कसं नाही म्हणायचं? शिवाय त्यांची नात नीटची तयारी करतेय. तासन् तास चालणारे क्लास मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीत भागत नाहीत.

पण दिलेलं पाणी कुणी कशाला वापरलं, याचा जाब आपल्याला कुणी विचारत नाही. नेटचा विचारतात. त्या वायफायच्या डब्यातून, म्हणजे राउटरमधून, जे काही बाहेर जातं, ते बाबांच्या नावावरच्या कनेक्शनचा नेटवरचा पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस घेऊन जातं. उद्या त्यावरून कुणी फसवणूक केली, कुणाला धमकी दिली, तर पोलीस आधी आपलंच दार वाजवणार. 2008 साली अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी एक ईमेल गेला होता. तो निघाला नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या घरच्या वायफायवरून. त्याच्या वायफायला कुलूपच नव्हतं, दुसऱ्याच कुणीतरी ते वापरलं होतं. तरी चौकशीला तोंड त्यालाच द्यावं लागलं.

अक्का असलं काही करतील असं नाही हो. मला घोर आहे तो पासवर्डचा. वायर जोडायला आलेल्या पोरानं घाईत बाबांचा मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून टाकला, आणि आई, तू तो दुधाच्या खाड्यांच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवलास. बाबांचा नंबर कुणाकडे नाही? किराणावाल्याकडे आहे, गॅसवाल्याकडे आहे, तुझ्या भिशीतल्या सगळ्या जणींकडे आहे. त्यात आता पासवर्ड सांगावाही लागत नाही, एकानं मोबाइलवरचा क्यूआर दाखवला की दुसऱ्याचा फोन जोडला जातो. संध्याकाळी गल्लीतली पोरं समोरचा कट्टा सोडून आपल्याच भिंतीला टेकून बसतात, ती काय सावलीसाठी? आणि मग आठ वाजता तुझी मालिका गोल गोल फिरत बसते, की तू कंपनीला शिव्या घालतेस.

शनिवारी मी येतेच आहे, तेव्हा हे करून टाकू. आपला पासवर्ड बदलायचा. तो बदलला की आजवर जोडलेले सगळे फोन आपोआप बाहेर पडतात. राउटरच्या आतल्या सेटिंगला एक वेगळा पासवर्ड असतो, तो बहुतेक अजून 'अ‍ॅडमिन'च असेल, तोही बदलायचा. आणि अक्कांसाठी 'गेस्ट नेटवर्क' सुरू करायचं. त्याचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. त्यावरच्या फोनला नेट मिळतं, पण आपला टीव्ही, दारावरचा कॅमेरा यांच्यापर्यंत सहसा पोचता येत नाही. काही राउटरमध्ये गेस्टचा वेगही बांधून देता येतो. आपल्यात ती सोय असली तर मालिकेचा प्रश्न मिटला.

राउटर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर वायफाय देतो. गेस्ट 2.4 वर ठेवीन. वेग कमी, पण आपल्या जुन्या दगडी भिंतीतून तेच पलीकडे पोचतं. 5 गिगाहर्ट्झ त्या भिंतीपाशीच दम टाकतं, ते आपल्या टीव्हीला राहू दे. एक मात्र खरं, गेस्ट असलं तरी बाहेर आयपी आपलाच दिसतो. म्हणून तो पासवर्डही अक्कांच्या घरापुरताच. नातीची परीक्षा झाली की बदलायचा.

अक्का निम्मं बिल देते म्हणाल्या, ते घेऊ नका. पाचशेच्या प्लॅनला 18 टक्के जीएसटी धरून 590 होतात, ते आपल्याला जड नाहीत. पैसे घेतले की ती विक्री होते, आणि घरगुती कनेक्शन पुढे विकायचं नाही अशी अट कंपनीच्या फॉर्मवर बहुधा असतेच. शेंगाची चटणी दिली तर घ्या, तिच्यावर कसली अट नाही.

तोवर कॅलेंडरचं ते पान तेवढं फाडा. दुधाचे खाडे दुसरीकडे उतरवून घे, आई, नाहीतर महिनाअखेरीला दूधवाल्याशी तुझंच वाजायचं.

आणि अक्कांना हे सांगायचं काम तू कर. बाबांनी सांगायला घेतलं तर ते पोलिसांपासून सुरुवात करतील, आणि अक्का नातीचा क्लासच बंद करून मोकळ्या होतील.

तुमची,
लेक