राउटर बसवून जाताना पासवर्ड तरी हातात द्या

महोदय,

गावोगावी फायबरचे इंटरनेट आले, ही चांगली गोष्ट झाली. पण जोडणी करणारी मुले राउटर जमेल तिथे अडकवतात आणि दिवे हिरवे झाले की निघून जातात. त्याचा त्रास आमच्या घराने चार महिने काढला, म्हणून हे पत्र.

आमचे घर चिऱ्याचे, भिंती दीड फुटाच्या. वायर ओटीवर जिथे आत आली तिथेच, टीव्हीमागे लोखंडी कपाटाला टेकवून राउटर बसवला गेला. सूनबाई माजघरात बसून पुण्याच्या ऑफिसचे काम करते. मीटिंग सुरू झाली की तिचा आवाज तुटायचा. मग ती लॅपटॉप उचलून ओटीवर यायची आणि आम्ही टीव्ही बंद करून गप्प बसायचो. तक्रारीच्या फोनवर दर वेळी एकच उत्तर: राउटर बंद करून चालू करा. शेजारी म्हणाले, नवा राउटर घ्या.

मी एस.टी.च्या आगारात गाड्यांचे वायरिंग केले आहे. दोष सापडल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, हे तिथे अंगात मुरले. घरचा जुना कॉम्प्युटर लॅन वायरने थेट राउटरला जोडला. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर ९४ आले. म्हणजे फायबर ठणठणीत, बिघाड वाय-फायचा. वायर काढून तोच कॉम्प्युटर वाय-फाय पकडणाऱ्या छोट्या डोंगलवर लावला, तर आकडा ३० च्या वर जाईना. आमच्या राउटरचे वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालते. डोंगल जुना, फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडणारा. राउटरचे ५ गिगाहर्ट्झचे नाव त्याच्या यादीत येणारच नव्हते, आणि आम्ही डोंगल बिघडला समजून दोनदा त्याचे सॉफ्टवेअर (ड्रायव्हर) टाकून बसलो होतो.

सूनबाईच्या लॅपटॉपचे नेमके उलटे. तो ५ गिगाहर्ट्झला धरून बसायचा. ते वेगवान खरे, पण चिऱ्याच्या दोन भिंती ओलांडेपर्यंत त्यात काही उरत नाही. २.४ भिंतीतून बरे जाते, पण तिथे आळीची गर्दी. मोबाईलवर पाहिले तर अकरा घरांची नावे, बहुतेक सगळी ६ नंबरच्या चॅनेलवर, म्हणजे पट्ट्यातल्या एकाच वाटेवर. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. आमच्याकडे ११ मोकळा होता.

चॅनेल बदलायला राउटरच्या सेटिंगचे पान उघडावे लागते. तळाच्या स्टिकरवरचा पासवर्ड चालेना, म्हणून जोडणी केलेल्या मुलाला फोन केला. त्याने लगेच सांगितला आणि म्हणाला, "काका, आळीत सगळ्यांना तोच ठेवलाय." ऐकून माझी झोप उडाली. वाय-फायचा पासवर्ड तर माझाच मोबाईल नंबर, जो दूधवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांकडे आहे. म्हणजे ज्याला मनात येईल त्याने ओट्याबाहेर उभे राहून आमच्या राउटरमध्ये शिरावे आणि आम्हाला पत्ता लागू नये.

मुलगा कष्टाळू आहे, त्याला दिवसात किती घरे उरकावी लागतात ते मी पाहतो. नियम कंपन्यांनी घालायला हवा. जोडणी झाल्यावर जिथे माणसे बसतात त्या खोलीत जाऊन वेग मोजून दाखवा. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे द्या. दोन्ही पासवर्ड ग्राहकाच्या समोर बदला आणि कागदावर मराठीत लिहून द्या. यात पंधरा मिनिटे जातात.

आम्ही त्याच मुलाला बोलावून फायबरची वायर वाढवून घेतली. वळणावर ती दुमडू दिली नाही, कारण आत काच असते. राउटर आता माजघराच्या दारावर, २०२१ च्या पुराची खूण भिंतीवर आहे तिच्याही वर, उघड्यावर बसवला आहे. सूनबाई दार लावून काम करते. आळीतल्या घरांचे पासवर्ड मी रोज संध्याकाळी एकेकाकडे जाऊन बदलून देतो आहे. चार घरे झाली, सात राहिली आहेत.

– एक निवृत्त एस.टी. कर्मचारी, चिपळूण