औंध म्हटलं की फक्त पुण्यातलंच आठवतं

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी मूळचा आटपाडीचा, नोकरीमुळे पुण्यात असतो. परवा ऑफिसमध्ये बोलता बोलता म्हणालो की आमचं गाव औंध संस्थानातलं, तर सोबतचा पोरगा म्हणतो, म्हणजे बाणेरच्या अलीकडचं का? त्याला काय बोलणार, शाळेत असताना मलाच कुठं माहिती होतं. आमची सहल सातारा जिल्ह्यातल्या औंधला जायची, यमाईचं दर्शन, म्युझियममध्ये एक चक्कर, झाडाखाली डबे आणि परत. म्युझियममध्ये राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूर ह्या इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं आई-मूल आहे, ते बघितलं, पण ज्या राजानं हे सगळं जमवलं त्यानं स्वतःची सत्ता सोडून दिली होती हे कुणी एका शब्दानं सांगितलं नाही.

संस्थान केवढंसं, तर ७२ गावं, ५०० चौरस मैल, तेही सलग नाही, औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे. इंग्रज सरकारकडून तोफांची सलामीसुद्धा नव्हती. अशा ठिकाणी बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ च्या नोव्हेंबरात जाहीर केलं की राज्य प्रजेच्या हातात देतो, आणि जानेवारी १९३९ मध्ये तसा कायदाच केला. त्यात मुलगा आप्पासाहेब होता, मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर होता आणि सल्ला खुद्द गांधीजींचा. गावानं पाच पंच निवडायचे, त्यातून तालुक्याची सभा, तिच्यातून संस्थानची. आमचे आजोबा सांगायचे की बांधाच्या भांडणाचा निवाडा गावातच व्हायला लागला, औंधापर्यंत खेटे मारायचे बंद झाले, भाकरी बांधून दोन दिवस चालत जायचं ते वाचलं. आणि त्याच १९३९ च्या मार्चमध्ये तिकडे राजकोटला तिथल्या राजानं, ठाकूरसाहेबांनी, राज्यकारभार सुधारायचा दिलेला शब्द फिरवला म्हणून गांधीजी उपोषणाला बसले होते, हे शेजारी ठेवून बघा म्हणजे आमच्या राजानं काय केलं ते कळेल.

आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर पण तेव्हाचंच, खुनाच्या कैद्यांना भिंतीशिवाय, बेड्यांशिवाय शेतीवर ठेवायचं आणि बायकामुलांना सोबत राहू द्यायचं. मी लहानपणी त्या रस्त्यानं कितीदा एसटीनं गेलोय, खिडकीतून हिरवी शेतं दिसायची, जेल आहे असं वाटायचंच नाही. किर्लोस्करवाडी सुद्धा ह्याच राजानं कुंडलजवळच्या माळावर जागा दिली म्हणून १९१० ला उभी राहिली.

८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं. ते पंच म्हणून बसलेले बहुतेक गेले, पण लहानपणी चावडीवरच्या त्या सभा बघितलेली नव्वदीच्या पुढची माणसं अजून एखाददुसरी आहेत. माझी कळकळीची विनंती आहे, तुमच्या पेपरनं माणदेशात एक बातमीदार पाठवून त्यांच्या आठवणी छापाव्यात, ह्याच वर्षी. आणि औंधच्या स्टँडवर आणि स्वतंत्रपूरच्या फाट्यावर ह्या कायद्याची माहिती देणारा मराठी बोर्ड लागावा म्हणून पाठपुरावा करावा. बोर्डाला वर्गणी लागली तर आम्ही गावाकडचे लोक गोळा करू, मी स्वतः सुरुवात करतो.

आपला नेहमीचा वाचक,
मूळ गाव आटपाडी, सध्या पुणे