पान उलटणाऱ्या ताईंना

ताई,

स. न. वि. वि.

तुमचं नाव लिहीत नाही, हॉस्पिटलचंही नाही. उद्या तुमच्या खिडकीपुढे रांग लागली आणि वरच्या मजल्यावरून विचारणा झाली, तर उपकाराची फेड भलत्याच पद्धतीने व्हायची. तळमजल्यावर, एक्स-रेच्या पुढच्या बोळात, मेडिकल रेकॉर्डच्या जाळीआड बसणाऱ्या तुम्हाला चार ओळी वाचूनच कळेल की हे पत्र कोणाला आहे.

आरोग्य विम्याच्या क्लेमचे पैसे सोमवारी जमा झाले. २,८६,००० रुपयांच्या बिलातून हातमोजे, मास्क, फाइलचे आकार असलं न मिळणारं सामान वगळून जेवढे व्हायला हवेत तेवढे. वजावट सुमारे ११,००० ची आहे आणि ती रास्त आहे, त्याबद्दल कुरकुर नाही. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. वकिलाची फी नाही, स्टॅम्पपेपर नाही. पेशंटच्या घरच्यांच्या वतीने आणि त्यांना कागद लावून देणाऱ्या आम्हा दोघा-तिघांच्या वतीने हे आभार.

भांडण एका शब्दाचं होतं. पॉलिसी २८ महिन्यांची, पेशंटला हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी. डिस्चार्ज समरीत टाइप केलेलं: रक्तदाब '१० वर्षांपासून'. कंपनीला तेवढंच हवं होतं. पॉलिसी घेताना आजार लपवला, क्लेम नामंजूर. पॉलिसी सलग ६० महिने चालली असती तर आजार लपवल्याचं कारण पुढे करता आलंच नसतं, मग कंपनीला थेट फसवणूकच सिद्ध करावी लागली असती. २८ महिन्यांना ती ढाल नाही. खरी गोष्ट अशी की गोळी सुरू होऊन दहा दिवस झाले होते. कॅज्युअल्टीत रात्री घाईने लिहिलेला 'डी' टाइप करणाऱ्याने 'वाय' वाचला. दिवसांची वर्षं झाली.

ही चूक किती जणांच्या हाताखालून गेली पाहा. ज्या एजंटने पॉलिसी गळ्यात मारताना तीनदा चहा प्यायला, त्याने 'बघतो' म्हणून व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवला आणि नंतर निळ्या टिकाही उमटल्या नाहीत. टीपीएने, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेमचे कागद तपासणाऱ्या संस्थेने, एकच कागद तीन वेळा मागवला, दर वेळी नवी क्वेरी म्हणून. कॉल सेंटरवर दर वेळी नवा माणूस आणि नवा तक्रार क्रमांक. २०२४ च्या नियमांप्रमाणे क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही. म्हणजे एक कमिटीही बसली असणार. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने दोन आठवड्यांची मुदत पाळली, हे मान्य. उत्तर मात्र नामंजुरीच्या पत्रातलंच, शब्दन् शब्द, वर तारीख तेवढी बदललेली. एवढ्या सगळ्यांनी डिस्चार्ज समरीचं एक पान वाचलं. त्यामागे अख्खी फाइल असते हे कोणाच्या गावीही नव्हतं.

तुमच्या खिडकीशी अर्ज आला तो मोघम होता. 'क्लेमसाठी लागणारे पेपर मिळावेत.' असा अर्ज आला की बहुतेक ठिकाणी डिस्चार्ज समरी, बिल आणि दोन रिपोर्ट हातावर ठेवतात. तुम्ही अर्ज परत दिलात आणि म्हणालात, "संपूर्ण इनडोअर केसपेपर असं लिहा, नाहीतर मलाही सगळं देता येत नाही." मग एकेक नाव तुम्ही सांगत गेलात: कॅज्युअल्टी नोट, भरती करतानाची हिस्टरी, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंगचे कागद, औषधांचा तक्ता, अँजिओप्लास्टी झाली त्या कॅथलॅबचा रिपोर्ट. पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत ही कागदपत्रं द्यायची, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००२ पासून लिहिलेलं आहे. ते भिंतीवर लावलेलं हॉस्पिटल अजून पाहण्यात नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी गठ्ठा तयार ठेवलात.

आणि त्या गठ्ठ्यात पाठपोट झेरॉक्स होती.

ही गोष्ट फार बारीक आहे, म्हणून जरा रेंगाळतो. केसपेपर दोन्ही बाजूंनी लिहिलेले असतात. झेरॉक्सवाला फीडरमध्ये गठ्ठा टाकतो, पुढच्या बाजू निघतात, मागच्या राहून जातात. कोणी मुद्दाम करत नाही, पण निम्मी फाइल गायब होते, आणि गायब झालेली ती बाजू बहुधा नर्सिंगची असते. सिस्टर भरतीच्या वेळी स्वतंत्रपणे विचारून लिहितात: कोणती गोळी चालू, किती दिवसांपासून, माहिती कोणी दिली. तुम्ही एकेक पान हाताने उलटून काचेवर ठेवलंत. त्याच ओघात पान ३१ आलं. रक्तदाबाची गोळी, १० दिवस, आणि 'दिवस' हा शब्द इंग्रजीत पूर्ण लिहिलेला. माहिती देणार: पत्नी. खाली वेळ, रात्रीचे २.४०, आणि सही.

तेवढ्यावर थांबला नाहीत. प्रत्येक बाजूवर पेन्सिलीने आकडा टाकलात, १ ते ५८. प्रत्येक बाजूवर हॉस्पिटलचा शिक्का. शेवटच्या पानावर 'एकूण ५८ बाजू, मूळ कागदांवरून' असं लिहून सही आणि तारीख. सुनावणीत याचं वजन काय असतं हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. सुटे कागद घेऊन गेलं की समोरचा विचारतो, मधलं काही काढलं नाही कशावरून? आकडे असले की तो प्रश्नच उठत नाही. शिवाय 'कुठेतरी मागे लिहिलंय' म्हणत पानं चाळत बसण्यापेक्षा 'पान ३१ पाहावं' म्हणता येतं. पंधरा मिनिटांच्या सुनावणीत पानं चाळण्यात पाच गेली तर बोलायचं कधी?

दुसरी गोष्ट तुम्ही जाता जाता सांगितलीत, आणि ती पहिलीइतकीच मोलाची ठरली. घरच्यांना वाटत होतं की डॉक्टरांकडून डिस्चार्ज समरी दुरुस्त करून घ्यावी, 'वर्षं'च्या जागी 'दिवस' घालून नवी प्रिंट काढावी. डॉक्टरही तयार होते. तुम्ही म्हणालात, "नवी समरी घेऊ नका, जुनी कंपनीकडे गेलीय." बरोबर. एकाच तारखेच्या, एकाच सहीच्या दोन वेगळ्या समऱ्या निघाल्या की खरा माणूसही खोटा दिसतो, आणि मग टायपिंगच्या चुकीला कंपनी फेरफार म्हणते. करायचं ते एवढंच की जुनी समरी जशीच्या तशी ठेवायची आणि डॉक्टरांकडून लेटरहेडवर वेगळं पत्र घ्यायचं, आजच्या तारखेचं. त्यात पेशंटचं नाव, भरतीचा आयपी नंबर, भरतीची तारीख, समरीतली कोणती ओळ चुकली, बरोबर काय, आणि ते कोणत्या नोंदीवरून. खाली सही आणि डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर. 'ज्याच्याशी संबंधित असेल त्याला' छापाचं दोन ओळींचं सर्टिफिकेट इथे चालत नाही, कारण त्यात आधार नसतो. तुम्ही डॉक्टरांसाठी कच्चा मजकूर लिहून दिलात, त्यात पान ३१ चा उल्लेख होता. हे तुमच्या कामात बसत नव्हतं.

पुढचं विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे झालं, पुण्यात नारायण पेठेत. ते थोडक्यात सांगतो, कारण तिथवर पोचलो तेव्हा बहुतेक काम तुम्ही केलेलं होतं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी. ती फेटाळली किंवा महिनाभर उत्तर आलं नाही तर लोकपाल, आणि कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत. रक्कम ५० लाखांपर्यंत. फी नाही. वकील चालत नाही, तक्रारदाराने स्वतः बोलायचं. त्याच वादावर आधीच ग्राहक आयोगात किंवा कोर्टात गेलेलं असेल तर मात्र इथलं दार बंद. रागाच्या भरात आधी आयोगात केस टाकणारे इथेच अडकतात. उलटा रस्ता मोकळा असतो, कारण लोकपालांचा निवाडा कंपनीला बांधतो, तक्रारदाराला नाही.

तक्रार दीड पानाची लिहिली. पहिल्या मसुद्यात मनस्तापाचे पाच लाख मागितले होते, ते काढले. लोकपाल झालेल्या नुकसानापलीकडे देत नाहीत, आणि अशी मागणी दिसली की मूळ मुद्दा पातळ होतो. मुद्दा एकच ठेवला: लपवलं हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची, आणि तिच्याकडे एक टाइप केलेली ओळ सोडून काय आहे? कंपनीच्या प्रतिनिधीकडे खरंच तेवढीच ओळ होती. त्याने पान ३१ वाचलं, डॉक्टरांचं पत्र वाचलं, आणि वेळ मागितला. तडजोडीला दोन्ही बाजूंची लेखी संमती झाली, लोकपालांची शिफारस आली. ती स्वीकारायला पंधरा दिवस असतात आणि स्वीकारलं की विषय कायमचा संपतो, म्हणून सही करण्याआधी आकडा बिलाशी ओळीने ताडून घेतला. स्टेंटची रक्कम एका जागी राहून गेली होती, ती तिथल्या तिथे घालून घेतली.

ताई, तुम्हाला या क्लेमचं कमिशन नव्हतं. टार्गेट नव्हतं, आणि पेशंट तुमचा कोणी लागत नव्हता. ज्यांना या कामाचा पगार मिळतो त्यांनी एक पान वाचलं, तुम्ही ५८ बाजू उलटल्यात. चांगुलपणा म्हटला की लोकांच्या डोळ्यापुढे मोठी देणगी नाहीतर रक्तदान येतं. पाठपोट झेरॉक्स कोणाच्या डोळ्यापुढे येत नाही. पेढे घेऊन आलेल्यांना तुम्ही "आधी ११६ रुपयांची पावती नीट ठेवा" म्हणालात, ती पावतीही फाइलला लावलेली आहे.

तुम्ही सांगितलेल्या अर्जाचा मजकूर आम्ही आता छापूनच ठेवला आहे. ज्याचा क्लेम अडतो त्याच्या हातात पहिल्यांदा तो कागद देतो आणि झेरॉक्स घेताना शेजारी उभं राहायला सांगतो.

कळावे, लोभ असावा.

ता. क. पान ३१ वरची सही खूप प्रयत्न करूनही लागली नाही. रात्रपाळीच्या त्या सिस्टर कोण, हे तुम्हाला रजिस्टरवरून कळेल. 'दिवस' हा शब्द त्यांनी पूर्ण लिहिला होता, एवढं त्यांना आमच्यातर्फे सांगा.