जुन्या मोटारसायकलची चेसिस कापण्याआधी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतले जुन्या मोटारसायकलींवरचे पान आम्ही आवडीने वाचले. त्यातल्या एका छायाचित्रात चेसिसची खालची नळी कापून तिथे बोल्ट मारलेले दिसतात आणि त्यामुळे इंजिन अर्ध्या तासात बाहेर निघते, असे खाली लिहिले आहे. छायाचित्र जवळून पाहिले तर बोल्टचे आटे नेमके जोडाच्या रेषेवर आले आहेत. बोल्ट तुटायचा झाला तर तो तिथूनच तुटतो. हे पान वाचून कुणी घरातल्या जुन्या गाडीला ग्राइंडर लावण्याआधी पुढचा मजकूर त्याच्या नजरेखालून जावा, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

पहिली गोष्ट, मुंबईत फिरणाऱ्या बहुतेक जुन्या गाड्यांना हे काम लागतच नाही. कास्ट आयर्न इंजिनच्या जुन्या बुलेटला इंजिनखालून जाणारी नळीच नाही. पुढची डाऊन ट्यूब इंजिनच्या पुढच्या प्लेटांवर संपते आणि तिथून मागे गिअरबॉक्सच्या प्लेटांपर्यंत इंजिन हाच चेसिसचा भाग असतो. टाकी आणि हेडची वरची पट्टी काढली की हेड, ब्लॉक आणि पिस्टन जागच्या जागी उतरतात. क्रँकचे काम असेल तरच इंजिन खाली घ्यावे लागते. त्या वेळी डाऊन ट्यूबखाली आणि मागे असे दोन्हीकडे लाकडी टेकू द्यावेत, कारण इंजिन निघाले की चेसिसची कमान मधोमध उघडी पडते. जावा-येझदीचे टू-स्ट्रोक हेड आणि ब्लॉकही जागेवर निघतात. युद्धकाळातली बीएसए एम-२० साइड व्हॉल्व्ह आहे. तिचे हेड म्हणजे नुसते झाकण, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, त्यामुळे टाकीखालची थोडकी जागाही पुरते.

खरी अडचण येते ती चार सिलिंडरच्या होंडा सीबी ७५० सारख्या गाडीत. १९६९ पासूनच्या एका कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) मॉडेलमध्ये कॅमवरचे झाकण आणि वरची नळी यांत इतके कमी अंतर आहे की झाकण वर उचलून बाहेर काढता येत नाही. हेडचे गॅस्केट गळले तरी सुमारे ८० किलोचे इंजिन उतरवावे लागते. होंडाने पुढे दोन कॅमच्या मॉडेलांत उजवीकडची खालची नळी बोल्टने सुटणारी दिली. म्हणजे कल्पना वाईट नाही. पण ती आराखड्यातच होती आणि जोडाचा भार मोजून जोड घडवलेला होता. ट्रायम्फने उलट वाट धरली. १९७१ च्या बॉनेव्हिलच्या नव्या चेसिसमध्ये इंजिन रॉकर बॉक्ससकट (हेडवरच्या, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या पेट्यांसकट) बसेना, तेव्हा कारखान्याने चेसिस तशीच ठेवून रॉकर बॉक्स आणि हेडमध्ये फेरफार केले.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. त्यानुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. याहून जिव्हारी लागणारी गोष्ट वेगळीच आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नासपेक्षा जास्त वर्षे झालेली दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पाटीवर ‘व्हीए’ अक्षरे. अट ही की गाडी मूळ रूपात हवी आणि चेसिस किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. साठच्या दशकातली जावा, बुलेट किंवा राजदूत या नोंदणीला पात्र ठरते. अर्ध्या तासाच्या सोयीसाठी नळी कापणारा माणूस ती पात्रता स्वतःच्या हाताने धोक्यात घालतो. आणि नळी पुन्हा जोडली तरी ती न कापलेली होत नाही.

तेव्हा आधी न कापता जमणारे उपाय. सीबी ७५० चे इंजिन उजव्या बाजूने बाहेर येते. ते वर उचलून काढण्याऐवजी चेसिसच इंजिनवरून उचलावी. इंजिनातले आणि ऑइलच्या टाकीतले ऑइल काढा. बॅटरी, पेट्रोलची टाकी, सायलेन्सर, कार्ब्युरेटर, चेन, वायरिंग आणि दोन्ही चाके सोडवा. इंजिनचे बोल्ट सैल करा, पण काढू नका. सायकलच्या जुन्या ट्यूबला उभा छेद देऊन ती खालच्या नळ्यांवर गुंडाळा, म्हणजे रंग आणि क्रँककेस दोन्ही वाचतात. गाडी उजव्या अंगावर स्कूटरच्या जुन्या टायरवर निजवा. पॉइंट्सचे (ठिणगी पाडणाऱ्या स्विचचे) झाकण टायरच्या मधल्या पोकळीत यायला हवे, नाहीतर सगळे वजन त्याच्यावर पडते. मग बोल्ट काढून दोघांनी रिकामी चेसिस सरळ वर उचलायची. दहा बाय बाराच्या गाळ्यातही हे होते, चेन ब्लॉक (वजन उचलायची साखळीची कप्पी) लागत नाही. बसवताना हाच क्रम उलटा. चाळीच्या तळमजल्यावर छताच्या लाकडी तुळईला चेन ब्लॉक टांगून ८० किलो उचलू नये. ती तुळई वरच्या बिऱ्हाडाची जमीन पेलण्यासाठी बसवलेली आहे.

अडचण एखाद्या नटापुरती असेल तर पाना कापा. नागदेवी स्ट्रीटवर मिळणारा साधा रिंग पाना अर्धा कापून, गरम करून वाकवला की हेडखालच्या अडचणीतल्या नटावर बसतो. दांडा आखूड झाल्यामुळे हाताला जोराचा अंदाज चुकतो, म्हणून असा नट दोन-तीन टप्प्यांत आवळावा. ॲलन कीचा आखूड पाय ८-१० मिलिमीटरपर्यंत घासून आणखी आखूड केला तर नळी आणि झाकण यांच्या फटीत ती बऱ्याचदा शिरते. घासताना की निळी पडू देऊ नका, पोलादाचे पाणी (कडकपणा) उतरले की तिचे कोपरे पिळतात.

एवढे करूनही काही गाड्यांत सुटणारी नळी करावीच लागते. खालची नळी आतून गंजून गेलेली असते किंवा आधीच्या कुणी ती कापून वाटेल तशी चिकटवलेली असते. मुंबईच्या खाऱ्या हवेत हे फार दिसते. पावसाचे पाणी नळीत शिरते, तळाशी साचते आणि बाहेरून रंग शाबूत असताना आतून पत्रा उरतो. हातोडीने हलके ठोकत जा. चांगली नळी खणखणते, सडलेली बद्द वाजते. अशा वेळी काम कसे व्हावे, ते आकड्यांसह देतो. मूळ नळी २८ मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीची धरली आहे. आपल्या गाडीची नळी वर्निअरने मोजून त्या प्रमाणात बदल करा. आणि कामाआधी आपल्या आरटीओत लेखी विचारणा करा.

कापायची ती फक्त इंजिनखालची सरळ नळी, एकाच बाजूची. वरची मुख्य नळी आणि हेडस्टॉकजवळचा (हँडल ज्यात फिरते त्या पुढच्या नळीजवळचा) भाग याला कधीही हात लावू नये. ब्रेक दाबला की फोर्कचा सगळा पीळ तिथे येतो. शिवाय चेसिस नंबर बहुधा तिथेच असतो. नोंदणीच्या तपासणीत नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतात. आजूबाजूला ग्राइंडर फिरलेला दिसला की गाडी संशयात येते. लग (नळ्या ज्यात बसतात ते सांध्याचे तुकडे), गसेट (सांध्याला बळकटी देणारे पत्रे) आणि इंजिनचे माउंटिंग यांपासून काप किमान ५० मिलिमीटर दूर हवा.

कापण्याआधी चेसिस जखडणे हा या कामाचा प्राण आहे. कारखान्यात वेल्डिंग झाल्यापासून नळ्यांमध्ये ताण अडकलेला असतो. करवत पलीकडे गेली की काप एक-दोन मिलिमीटर उघडतो, मिटतो किंवा बाजूला सरकतो. मग जॅक लावून तो जागेवर आणतात, त्याच स्थितीत वेल्ड करतात, आणि इंजिनचे बोल्ट हातोडीशिवाय जात नाहीत. म्हणून इंजिन काढल्यावर त्याच्या माउंटिंगच्या भोकांत ८ मिलिमीटर जाड पट्ट्यांचे खोटे इंजिन बोल्टने बसवा. हेडस्टॉक आणि स्विंग आर्मची पिव्होट (मागच्या चाकाचा दुबाहू जिथे झुलतो ती जागा) ४० बाय ४० मिलिमीटरच्या अँगलने एकमेकांना बांधा. हेडस्टॉकपासून पिव्होटच्या दोन्ही टोकांपर्यंत तिरकी मापे घेऊन लिहून ठेवा. काम संपल्यावर ती १ मिलिमीटरच्या आत तशीच यायला हवीत.

जोड अर्ध्या-अर्ध्याचा करावा, लाकडी चौकटीत सुतार करतो तसा. ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादाच्या भरीव सळईतून लेथवर चार तुकडे करून घ्या. बाहेरचा व्यास २८, नळीत शिरणारा दांडा २३.९ व्यासाचा आणि ४० लांब, त्याच्या टोकाला निमुळता उतार. उतार नसला तर दांडा जिथे संपतो तिथेच काही महिन्यांनी नळीला गोल तडा जातो. तुकड्याचा उरलेला ४५ मिलिमीटरचा भाग अर्धा छाटून सपाट करा. त्यात ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी दोन भोके, कडांपासून १२ आणि आपसांत २१ मिलिमीटर अंतरावर. सपाट तोंड उभे ठेवा आणि बोल्ट आडवे, म्हणजे बोल्टचे डोके खाली लटकून गतिरोधकाला घासत नाही. सुटणाऱ्या नळीची दोन्ही टोकांची सपाट तोंडे आतल्या बाजूलाच हवीत. एक आत आणि एक बाहेर झाले तर चेसिस फाकवल्याशिवाय नळी निघत नाही. ही चूक फार होते आणि वेल्ड झाल्यावरच कळते.

दारूखान्याच्या भंगार बाजारात मिळणारा पाण्याचा पाइप यासाठी घेऊ नका. त्याला आतून शिवण असते, माप ढिले बसते आणि वरचा जस्ताचा थर वेल्ड खराब करतो. त्याचा धूरही छातीला घातक. सीमलेस (बिनशिवणीची) नळीच घ्यावी.

भोके आधी ६.५ मिलिमीटरची पाडून ६ च्या बोल्टने जोड आवळा आणि मगच वेल्ड करा. वेल्डिंग आर्गनचे (टिग), १.६ मिलिमीटरची फिलर वायर, करंट ६० ते ८० अँपिअर. नळीला समोरासमोर पण थोडी पुढेमागे अशी ८ मिलिमीटरची दोन भोके पाडून तीही भरून घ्या, म्हणजे आतला दांडा पकडला जातो. आधी चार टाके, मग पाव-पाव घेर, मध्ये निवू द्यायचे. वेल्डवर पाणी ओतू नये. गल्लीत ही सवय सर्रास आहे. लाल वेल्डवर पाण्याचा मग रिकामा केला की चर्र होते, वाफ उडते आणि कडेचे पोलाद काचेसारखे ठिसूळ होते. बंद होणाऱ्या नळीला खालच्या अंगाला ३ मिलिमीटरचे भोक ठेवा, नाहीतर आतली गरम हवा शेवटचा टाका फुंकून टाकते. तेच भोक पुढे पावसाळ्यात पाणी बाहेर काढते. त्यातून उकळलेले जवसाचे तेल आत सोडून नळी फिरवली की आतला गंज थांबतो.

जुन्या ब्रिटिश चेसिसमध्ये नळ्या लगमध्ये पितळाने जोडलेल्या असतात. तिथे पितळाच्या जवळ आर्क किंवा आर्गन चालवू नका. वितळलेले पितळ पोलादाच्या कणांत शिरते आणि नळी थंड होताहोताच तडकते. अशी गाडी पितळकाम जाणणाऱ्या गॅसवाल्याकडेच द्यावी.

वेल्ड निवल्यावर भोके ७.८ ची करून ८ च्या रीमरने साफ करा. बोल्ट ८.८ ग्रेडचा, जोडाच्या रेषेवर त्याचा गुळगुळीत भाग येईल एवढा लांब, सोबत वायसर आणि नायलॉक नट. आवळणी २५ न्यूटन-मीटर. नट आणि नळीवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा. १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, मग दर ५०० ला पाहा. जोडाच्या फटीतून तांबूस भुकटी येऊ लागली तर जोड आत हलतो आहे. नुसते आवळून भागणार नाही, भोके तपासा.

रंग देण्याआधी वेल्डची तपासणी डाय पेनिट्रंटने (तड्यात शिरणाऱ्या रंगाने) करावी. तीन डबे येतात. पहिल्याने पुसायचे, दुसऱ्याचा लाल रंग लावून दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, पुसून तिसऱ्याची पांढरी भुकटी मारायची. तडा असेल तर पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते. ती दिसली की तेवढा वेल्ड घासून पुन्हा करायचा, त्यावर थर चढवायचा नाही.

आपल्याला विनंती ही की पुढच्या वेळी अशा गाडीचे छायाचित्र छापताना तिची नोंदणी कोणती आणि बदलाला परवानगी घेतली का, एवढे दोन प्रश्न मालकाला विचारून उत्तर सोबत छापावे. परिवहन विभागाला विनंती ही की सडलेल्या नळीच्या जागी त्याच मापाची नळी बसवणे हा बदल मानायचा की दुरुस्ती, हे ताडदेव, अंधेरी, वडाळा आणि बोरिवलीच्या कार्यालयांत एकसारखे लिहून लावावे. कामाआधीची आणि नंतरची छायाचित्रे, मापे आणि वेल्डिंगच्या तपासणीचा कागद जोडायला गाडीमालक आनंदाने तयार होतील.

आपले,
जुन्या मोटारसायकलींची कामे करणारे काही फिटर आणि वेल्डर,
लालबाग-परळ, मुंबई