बाबांनी पुढे पाठवलेल्या मजकुराबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा रात्री तुम्ही कुटुंबाच्या गटावर जो मजकूर पुढे पाठवलात, त्याला सगळ्यांदेखत उत्तर देणे मी टाळले, म्हणून हे पत्र. एक बँक बुडणार असून ठेवी ताबडतोब काढून घ्याव्यात, असे त्यात म्हटले होते. खाली लिहिणाऱ्याचे नाव नव्हते, तारीख नव्हती. ‘आपल्या माणसांना नक्की कळवा’ ही ओळ मात्र ठळक अक्षरांत होती. तुम्ही तो काळजीपोटीच पाठवलात, हे मी जाणते.

बँक कितीही धडधाकट असली तरी ठेवीदारांचा सगळा पैसा तिजोरीत नसतो. तो कर्जांत आणि रोख्यांत गुंतलेला असतो, त्यामुळे सगळेच एकदम मागायला आले तर तिचे पाय लटपटतात. पावसाच्या अफवेने पाऊस पडत नाही, पण बँकेच्या अफवेने बँक बुडू शकते. 1973 च्या डिसेंबरात जपानमधील तोयोकावा शिन्किन बँकेवर असाच प्रसंग आला. आगगाडीत काही शाळकरी मुली एकीला बँकेत लागलेल्या नोकरीबद्दल बोलत होत्या आणि ‘तिथे धोका असतो’ असे कोणीतरी थट्टेने म्हणाले. रोख होता दरोड्याकडे. पण तोंडातोंडी बँकच धोक्यात आल्याचे ठरले आणि लोकांनी सुमारे 2 अब्ज येन काढून नेले.

त्या बोलण्याला पसरायला निदान काही दिवस लागले. अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेतून 9 मार्च 2023 या एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढण्याची मागणी झाली आणि दुसऱ्याच दिवशी बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकांनी ती बँकच बंद केली. तिचा रोख्यांतला तोटा खरा होता, हे मान्य. पण फोनवरच्या संदेशांनी आणि फोनवरूनच पैसे हलवण्याच्या सोयीने सावरायला उसंतच ठेवली नाही. शेअर बाजार त्या मानाने लवकर सावरतो. 23 एप्रिल 2013 रोजी असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या ट्विटर खात्यात घुसून व्हाइट हाउसमध्ये स्फोट झाल्याची थाप मारली गेली, तेव्हा कोसळलेला तिथल्या शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक काही मिनिटांत पूर्ववत झाला. घाईने विकणाऱ्यांचे नुकसान मात्र त्यांच्याच पदरी राहिले.

आई, तू विचारशील, खरोखरच धोका असला तर? तर नियामकाच्या संकेतस्थळावर पाहू, आपल्या ठेवीला विम्याचे संरक्षण किती आहे तेही तपासू. रात्री कितीही वाजले असले तरी मला फोन कर.

बाबा, तो मजकूर तुमच्या नावाने आल्यामुळेच काकांनी आणि आत्याने तो शंका न घेता पुढे ढकलला. तो चुकीने पाठवला गेला, असे तुम्हीच तिथे दोन ओळींत लिहावे, ही विनंती. मी लिहिले तर कोणी फारसे मनावर घेणार नाही.

तुमची,
लेक